जुना ड्राइव्ह एक्सल घेताना काय काय जुळवून बघायचं? (स्विफ्ट डिझेल)

खानापूर_रोड:
नमस्कार मंडळी. गाडी 2014 ची स्विफ्ट डिझेल, मॅन्युअल गिअर, एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे. डाव्या ड्राइव्ह एक्सलचा (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचा फिरता दांडा) चाकाकडचा, म्हणजे बाहेरचा जॉइंट वळणावर कटकट वाजतोय, बूट (जॉइंटवरचं रबरी कव्हर) फाटून आत लाल चिखल गेलाय. नवीन अख्खा एक्सल बजेटमध्ये बसत नाही. बेळगावात नाहीतर कोल्हापूरला जुन्या पार्टच्या दुकानात बघायचं म्हणतोय. दुकानदार फोनवर "स्विफ्टचाच आहे, बसतोय की" एवढंच सांगतात. आपण काय तपासायचं?

जॉइंट_बूट:
गाडीच्या नावावर जाऊ नका. 2011 च्या आधीची, 2011 ते 2018 ची आणि नंतरची स्विफ्ट वेगवेगळी. त्यात पेट्रोल-डिझेलचे गिअरबॉक्स वेगळे. डावा-उजवाही एकमेकांच्या जागी चालत नाही, कारण गिअरबॉक्स मधोमध नसतो. आधी चेसिस नंबर देऊन शोरूमच्या पार्ट काउंटरवरून पार्ट नंबर लिहून घ्या.

मग स्वतःचा एक्सल काढून सोबत न्या आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा:

दाते दोन्ही टोकांचे मोजा. एका दात्यावर खडूची खूण करून फिरवत मोजलं की चूक होत नाही. दाते सारखे असले तरी व्यास वेगळा असू शकतो, म्हणून व्हर्निअर (बारीक माप घेणारं कॅलिपर) लावा. तुमचा हब नट (एक्सलच्या चाकाकडच्या टोकावरचा मोठा नट) खिशात ठेवा. तो हातानं शेवटपर्यंत फिरला पाहिजे; अडकला तर आटे वेगळे आहेत किंवा कुणीतरी हातोडा मारून टोक चेपवलंय.

लांबी मोजताना बरेच जण फसतात. आतला जॉइंट आत-बाहेर सरकतो, त्यामुळे टेपवर कुठलाही आकडा येतो. दोन्ही एक्सल पूर्ण आत दाबून, सरळ धरून मोजा. लांब एक्सल आत दाबून बसतो खरा, पण खड्ड्यात चाक वर गेलं की गिअरबॉक्सवर ठोकतो. आखूड असला तर आतला जॉइंट निसटायची भीती.

निपाणी_वायरिंग:
वरच्यात एबीएसची रिंग (हिच्या दात्यांवरून सेन्सर चाकाचा वेग वाचतो) राहिली, आणि माल परत करायची वेळ जास्त तिथंच येते. एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. त्याआधी खालच्या मॉडेलला ते नसायचं. म्हणून त्याच वर्षाच्या, त्याच इंजिनाच्या गाडीचा एक्सलसुद्धा बिनरिंगचा निघू शकतो. तुमच्या जुन्या एक्सलवर बाहेरच्या जॉइंटभोवती दातेरी रिंग असेल तर घ्यायच्या एक्सलवरही तेवढ्याच दात्यांची हवी. तुमच्यावर नसेल तर चाकाचा वेग बेअरिंगवरून वाचला जातो, तेव्हा हा प्रश्नच नाही.

गोव्याकडून आलेला माल असेल तर रिंग नीट बघा. खाऱ्या हवेत रिंगखाली गंज फुगतो आणि रिंगला केसाएवढी चीर जाते. वायर ब्रश मारून, टॉर्च तिरपी धरून पूर्ण एक फेरा बघा. चिरलेल्या रिंगमुळं हळू थांबताना ब्रेक पेडल थरथरतं आणि मेकॅनिक उगाच सेन्सर बदलत बसतो.

खानापूर_रोड:
रिंग आहे माझ्यावर. जॉइंट चांगला की गेलेला, हे टेबलावर कसं कळणार?

जॉइंट_बूट:
बाहेरचा जॉइंट पूर्ण वाकवून हळूहळू फिरवा. कुठं अडखळला, टकटक जाणवली तर सोडून द्या. दांडा धरून जॉइंट मागं-पुढं पिळा, खळखळ नको. बूटची क्लिप काढायला सांगा. ग्रीस काळं आणि चिकट असेल तर ठीक, तपकिरी पाणचट किंवा बोटाला वाळू लागली तर आत पाणी गेलेलं आहे. फेडू देत नसतील तर तिथं घेऊच नका.

आतल्या टोकाला ऑईल सील जिथं बसतं तो गुळगुळीत भाग नखानं तपासा. खाच लागली तर नवीन सील घालूनही तेल गळणार.

उद्यमबाग_लेथ:
लेथवाल्यांकडं "दांडा कापून लांबी जुळवून द्या" अशी मागणी येते. करून घेऊ नका. दांडा उष्णता देऊन कडक केलेला असतो; वेल्डिंगनं तो कडकपणा जातो आणि दांडा जोडाशेजारीच पिळून तुटतो, तेही चोर्ला घाटासारख्या चढावर पूर्ण जोर लागल्यावर.

आणि पावतीवर कुठल्या गाडीचा पार्ट आहे तो नंबर लिहून घ्या. चोरीच्या गाडीचा निघाला तर निस्तरावं तुम्हाला लागतंय.

जॉइंट_बूट:
काढताना-बसवताना: दांडा धरून ओढू नका, आतला जॉइंट सुटतो. पटाशीनं गिअरबॉक्सजवळ उचकटा. आतल्या टोकाचं लॉक (एक्सल गिअरबॉक्समधून निसटू न देणारी रिंग) नवीन, सील नवीन, हब नट नवीन. बूट चांगला दिसला तरी किट बदला; त्यातलं पुडीतलं काळं मोलिब्डेनम ग्रीस सगळं भरा, चेसिसचं पिवळं ग्रीस चालत नाही. एक्सल आत गेला की लॉकचा टक आवाज यायला हवा, मग आतला जॉइंट धरून हलकं ओढून बघा. नट टॉर्क पान्यानं मॅन्युअलच्या आकड्यावर आवळा, गाडीचं वजन चाकावर टाकायच्या आधी. काढताना गिअर ऑईल सांडतं, ते लेव्हलच्या बोल्टपर्यंत भरून घ्या.

चिकोडी_पिकअप:
बोलेरो-पिकअपवाल्यांसाठी: मागच्या एक्सलची हाऊसिंग जुनी घेताना रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागं येणाऱ्या दांड्याचे किती फेरे) बघा. एक चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर. वरचं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोजा. साडेचार फेऱ्यांच्या जरा वर गेलं तर क्राउन-पिनियन (हाऊसिंगमधली मोठ्या-लहान गिअरची जोडी) 41 आणि 9 दात्यांचं असू शकतं. खात्रीसाठी झाकण काढून दाते मोजा.

खानापूर_रोड:
एक्सल काढायला दिला. पार्ट नंबर उद्या शोरूममधून घेतो आणि दोन्हींचे फोटो टाकतो, रिंगचे दाते मोजून.