मदत हवी आहे: इंग्रजी शब्दांचे प्रत्यय मुलीला कसे समजावू?

नमस्कार मंडळी, आम्ही कोथरूडला राहतो. मुलगी मराठी माध्यमात आठवीत आहे. शब्दांच्या आठ जाती तिला पाठ आहेत, शब्दयोगी अव्यय आपल्याकडे नामाच्या मागून जोडून येतं आणि इंग्रजीत आधी, सुटं येतं, हेही पटलंय. अडतं ते विशेषणाचं नाम करताना. ‘काइंड’चं ‘काइंडनेस’, मग ‘अ‍ॅक्टिव्ह’चं ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ का?

मी तिला सांगितलं, ‘नेस’ हा मूळ इंग्रजी प्रत्यय, ‘इटी’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला. आपल्याकडे नाही का, ‘मोठेपणा’, ‘सुंदरता’ आणि फारसी वळणाची ‘दादागिरी’? तिचे डोळे चमकले! पण दुसऱ्याच दिवशी ती ‘ऑडिटी’ घेऊन आली. ‘ऑड’ तर लॅटिन नाही. मला उत्तर देता आलं नाही, आणि तिचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

कोणता प्रत्यय कुठे लागतो, हे ओळखायची काही खूण आहे का, की शब्द वाचूनच अंगवळणी पडतात? अप्पा बळवंत चौकात पाहिलेल्या पुस्तकांत नुसते तक्तेच होते. कारणासकट, मराठीतून समजावणारं पुस्तक किंवा शिकवणारं कोणी माहीत असेल तर कृपया सांगा. सहामाही परीक्षेची घाई नाही, तिची गोडी टिकायला हवी.