मदत हवी आहे : भेंडीच्या पॉलिसॅकराइडने रक्तवाहिन्या काही अंड्यांत विरळ, काहींत दाट

करवीरकन्या
गुऱ्हाळात काहिलीतल्या रसाची मळी वर आणण्यासाठी गुळवे जी भेंडी वापरतात, तिच्या चिकट रसातून मी पॉलिसॅकराइड (साखरेच्या रेणूंची लांब साखळी) वेगळे केले आहे. कर्करोगाच्या गाठीला पोसणाऱ्या नव्या वाहिन्या त्याने रोखल्या जातात का, हे मी कोंबडीच्या अंड्यातील पटलावर तपासत आहे. काही अंड्यांत वाहिन्या विरळ होतात, तर काहींत पॉलिसॅकराइड लावून ठेवलेल्या चकतीभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या दाटतात. सोमवारी मार्गदर्शकांना निष्कर्ष दाखवायचे आहेत. कृपया लवकर सांगावे.

पन्हाळकर
अंडी कितव्या दिवसाची, मात्रा किती आणि नुसत्या बफरची (पॉलिसॅकराइड नसलेल्या द्रावणाची) चकती ठेवली होती का, हे लिहिल्याशिवाय काय सांगणार? कवच कापताना पडलेल्या भुकटीनेही दाह होऊन असे आरे दिसतात.

करवीरकन्या
अंडी आठव्या दिवसाची आहेत. बफरच्या चकत्या अर्थातच होत्या आणि त्यांच्याभोवती काहीही झाले नाही. पॉलिसॅकराइडचा अल्कोहोलने साका पाडून वाळवला आहे.

उचगावकर
मग भुकटीचा मुद्दा निकालात निघाला. अल्कोहोलने प्रथिनेही साक्यात येतात, शिवाय पाण्यातले एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातील विष, नेहमीच्या ऑटोक्लेव्हने (दाबाखालच्या वाफेने) जात नाही आणि तेच दाह घडवते. एंडोटॉक्सिन ओळखणारी लिम्युलस चाचणी करावी. मात्र बीटा-ग्लुकान (दुसरे एक पॉलिसॅकराइड) असल्यास ती फसवते, हे ध्यानात असू द्यावे.

कागलचा_पाहुणा
आमच्या काकांना गाठ आहे. त्यांना रोज भेंडीचे पाणी दिले तर चालेल का?

पन्हाळकर
उपचार म्हणून मुळीच नको, डॉक्टरांना विचारावे. २००४ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले बेव्हॅसिझुमॅब हे कर्करोगाचे औषध शिरेतून देतात आणि ते व्हीईजीएफ हा वाहिन्यांचा वाढ-घटक थेट पकडते. भेंडीतल्या पॉलिसॅकराइडसारख्या पेक्टिनचे मोठे रेणू आतड्यातून जवळजवळ शोषलेच जात नाहीत. उचगावकर, सगळे खापर एंडोटॉक्सिनवर फोडणे मला पटत नाही. सुधारित लिंबूवर्गीय पेक्टिन गॅलेक्टिन-३ या प्रथिनाला चिकटून उंदरांच्या गाठींतील वाहिन्या कमी करते, हे २००२ सालीच दाखवले गेले आहे. तेव्हा विरळपणा खरा असू शकतो.

उचगावकर
ते पेक्टिन तोडून लहान केलेले होते, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. ताई, विरळ आणि दाट अंडी एकाच काढणीच्या साक्याची आहेत का?

करवीरकन्या
नाहीत. दाट वाहिन्यांची सगळी अंडी दुसऱ्या काढणीची आहेत आणि त्या वेळी डिस्टिल्ड पाण्याचा कॅन वेगळा होता. पहिला साका शिल्लक आहे. उद्या शनिवारी दोन्ही साके एकाच खेपेच्या अंड्यांवर लावते आणि नव्या कॅनच्या पाण्यातील बफरचीही चकती ठेवते.