मदत हवी आहे: आपलेच पैसे मागायला जीभ रेटत नाही

नमस्कार मंडळी,

एरवी वाचनमात्र असतो, आज लिहायची वेळ आली.

भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन व्हीएमसी, एक सीएनसी लेथ, सात कामगार. व्हॉल्व्ह आणि पंपांचे पार्ट करतो. डिप्लोमा, मग अकरा वर्षं नोकरी, २०१९ पासून स्वतःचं. कामाला तोटा नाही. ड्रॉइंग हातात आलं की कुठे क्लॅम्प करायचं, कुठला बोअर त्रास देणार हे मला लगेच दिसतं. दोन मायक्रॉनवरून क्यूसीवाल्याशी (माल तपासणाऱ्याशी) तासभर भांडू शकतो. पण त्याच कंपनीत अकाउंट्सच्या दारात उभा राहिलो की घशाला कोरड पडते.

आज बाजारात १४ लाख अडकलेत, त्यातले साडेआठ लाख ९० दिवसांच्या वरचे. महिन्याची उलाढाल ९ लाखांच्या आसपास, त्यावरून अंदाज करा. जीएसटी बिल काढलं त्या महिन्याचा भरावा लागतो, पैसे आलेले असोत वा नसोत. शिवाय पगार, मशीनचा हप्ता, इन्सर्टवाल्याची (मशीनची कटिंग टिप देणाऱ्याची) उधारी. तो इन्सर्टवाला दर शनिवारी न चुकता फोन करतो आणि मी सगळ्यात आधी त्याचे पैसे देतो. यावरून तरी मला काही कळायला हवं होतं.

मागच्या महिन्यातली गोष्ट. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडून ४ लाख ६० हजार येणं होतं. ठरवून गेलो, गाडीत वाक्य पाठ केलं. रिसेप्शनच्या सोफ्यावर दीड तास बसलो. मग परचेसचे साहेब आले, "अरे वा, बरं झालं आलात" म्हणत खांद्यावर हात ठेवला, चहा मागवला आणि एक नवं ड्रॉइंग पुढे सरकवलं. एसएस ३१६ स्टीलचं बोनेट, म्हणजे व्हॉल्व्हचं झाकण, २०० नग, अर्जंट. मी लगेच खिशातलं पेन काढून ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सायकल टाइम मांडायला लागलो. गेटबाहेर आलो तेव्हा लक्षात आलं की पैशाचा विषयच निघाला नाही. घरी हिशेब बायको बघते. ती एवढंच म्हणाली, "अहो, पैसे आणायला गेला होतात, काम घेऊन आलात." त्या बोनेटचं मटेरियलही मीच उधारीवर उचललं, हे तिला चार दिवसांनी सांगितलं.

वडील प्राथमिक शिक्षक होते. पगार एक तारखेला यायचा, कोणाकडे काही मागायची वेळ यायची नाही, आणि 'कोणापुढे हात पसरू नये' हे वाक्य जेवणाइतकं नेमाने कानावर पडायचं. मुळाशी तेच असावं. माझेच पैसे मागताना मला उसने मागितल्यासारखं वाटतं.

व्यक्तिमत्त्व विकासाचंही करून झालं. एका हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवसांचं शिबिर, फी १४ हजार. पहाटे पाचला उठा, ध्येय भिंतीवर चिकटवा, डोळे मिटून ओरडा, 'पैसा माझ्याकडे येतो आहे!' माझ्या शेजारच्या खुर्चीत जो गृहस्थ बेंबीच्या देठापासून ओरडत होता, त्याच्याकडून माझे ३८ हजार येणं आहे. त्याच्याकडे पैसा खरंच येत होता, माझा.

तर विचारायचं हे, की ही भीड तुमच्यापैकी कोणाची गेली असेल तर ती कशी गेली? नेमकं काय बोलता, कोणाशी, कधी? आणि गिऱ्हाईक तुटेल ही भीती किती खरी असते? कृपया पुस्तकं सुचवू नका. आठ आहेत घरी.

---

शिरोलीकर

भावा, तुझ्या जागी मी सहा वर्षं होतो. फौंड्रीला पॅटर्न (ओतकामाच्या साच्याचे नमुने) देतो, आता सत्तावीस वर्षं झाली.

पहिली चूक ही की तू परचेसकडे पैसे मागायला गेलास. परचेसवाल्याचं काम तुझ्याकडून माल काढायचं आहे, तो ड्रॉइंगच देणार. पैसे अकाउंट्समधून निघतात आणि तिथला जो पोरगा बिलं एंटर करतो त्याचं नाव तुला माहीत पाहिजे.

दुसरं, तू फार उशिरा मागतोस. ९० दिवसांनी फोन केला की ते भांडण वाटतं. माल पोचला की तिसऱ्या दिवशी फोन करायचा. पैशाचं नावच काढायचं नाही. "बिल इनवर्ड झालं का? जीआरएन निघाला का?" एवढंच. जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची त्यांची नोंद. निम्मी बिलं मुद्दाम अडवलेली नसतात, ती कुठल्यातरी ट्रेमध्ये पडलेली असतात. पीओचा (खरेदी ऑर्डरचा) नंबर चुकलाय, मालासोबतचं चलन जोडलेलं नाही, क्यूसीची सही राहिली. ९० दिवसांनी तू फोन केलास की ते म्हणणार, "बिलच मिळालं नाही."

आणि मागताना बिल नंबर सांगायचा, आकडा सांगायचा, "कुठल्या तारखेला जमा होतील?" विचारायचं आणि गप्प बसायचं. समोरचाही गप्प बसला तर बसू दे. आपण त्या शांततेत घाबरून बोलतो आणि मातेरं करतो.

---

हिशेबनीस

भीडेवर माझ्याकडे औषध नाही, पण हातात कागद असला की आवाज जरा चढतो म्हणून लिहिते.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे ना? उत्पादन म्हणूनच आहे ना? (व्यापारी म्हणून असेल तर पुढचं लागू नाही.) तो नंबर प्रत्येक बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. करारच नसेल तर १५ दिवसांत. पीओवर ९० दिवस छापले असले तरी कायदा ४५ च्या पुढचं मानत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं.

त्याहून धारदार म्हणजे २०२३ च्या अर्थसंकल्पात आलेलं आयकराचं कलम ४३बी(एच). मुदत उलटलेलं तुमचं बिल ३१ मार्चला थकीत राहिलं तर गिऱ्हाइकाला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, त्याच्या नफ्यावर कर वाढतो. म्हणून फेब्रुवारीत येणी-बाकीचं पत्र उद्यम प्रमाणपत्रासह त्यांच्या अकाउंट्सला मेल करा. धमकी वगैरे काही नाही, फक्त 'बाकी तपासून कळवा'. बहुतेक वेळा त्यांचा स्वतःचा सीए त्यांच्या मागे लागतो. शिवाय १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्यांना घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं.

थकलेल्या पैशांसाठी सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते, पण ते शेवटचं. तिथे गेल्यावर त्या गिऱ्हाइकाकडून परत ड्रॉइंग येईल अशी आशा ठेवू नका.

---

डोंबिवलीची_चकली

कायदा ठीक आहे हो, पण ज्याच्या तोंडून आकडा निघत नाही तो कलम काय सांगणार?

मी फराळाचा व्यवसाय सुरू करण्याआधी एमसीईडीचं (महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं) प्रशिक्षण केलं होतं. त्यात रिंग फेकायचा खेळ असतो. खुंटी ठेवलेली, किती लांबून फेकायचं ते तुम्हीच ठरवायचं. कोणी अगदी जवळून फेकतं, कोणी फुशारकीने भिंतीला टेकून. जमेल पण सहज जमणार नाही अशा अंतरावर उभं राहावं, हा त्यातला धडा. हे सगळं मॅकलेलंड नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या कामातून आलंय. त्यांनी १९६४ मध्ये आंध्रातल्या काकिनाड्याच्या व्यापाऱ्यांना हैदराबादला असं प्रशिक्षण दिलं होतं.

तुम्ही थेट ४ लाख ६० हजारांच्या भिंतीला टेकून उभे राहिलात. आधी पाच-दहा हजारवाल्याला फोन करा. आणि त्याआधी घरात बायकोला गिऱ्हाईक करून बसवा. माझ्या बहिणीने सोसायटीच्या काकूंचा असा काही अवतार केला होता की खऱ्या काकू त्यापुढे मवाळ वाटल्या. पहिल्या दिवाळीत माझे २२ हजार बुडाले होते. आता अर्धे पैसे आधी घेतल्याशिवाय कढई चढत नाही.

---

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो.

मागच्या आठवड्यात गुरुवारी शेड बंद होती, त्यामुळे मशीनचा आडोसा नव्हता. चकलीताईंचं ऐकून ११,८०० वाल्याला फोन लावला. कागदावर लिहूनच बसलो होतो. बिल नंबर सांगितला, आकडा सांगितला, तारीख विचारली. तो गप्प. मीही गप्प. चार-पाच सेकंद झाले असतील, आणि मी म्हणालो, "नाही, म्हणजे सावकाश द्या, घाई नाही." बायकोने समोर कपाळावर हात मारला. संध्याकाळी पुन्हा फोन केला. या वेळी तिने माझ्या तोंडासमोर बोट धरलं होतं. समोरून आलं, "सोमवारी टाकतो." सोमवारी आले. साडेदहाला मेसेज वाजला.

मग शिरोलीकरांच्या सांगण्यावरून मोठ्या कंपनीच्या अकाउंट्सला फोन केला, पैशाचं न बोलता. पाचपैकी तीन बिलांचा जीआरएनच निघालेला नाही! पीओ मध्येच बदलला होता आणि माझ्या चलनावर जुना नंबर गेला होता. म्हणजे जवळजवळ पावणेतीन लाख माझ्याच चुकीने पडून होते, आणि मी सोफ्यावर बसून साहेबांचा स्वभाव वाचत होतो. चलनं दुरुस्त करून काल स्वतः देऊन आलो. शिबिरातल्या शेजाऱ्याला अजून फोन केलेला नाही.

हिशेबनीस, उद्यम उत्पादन म्हणूनच आहे, पण नंबर बिलावर नव्हता. आता टाकला.

आता पुढची अडचण. त्या २०० बोनेटचा दुसरा लॉट येतोय, शुक्रवारी बोलावलंय. मटेरियलचे पैसे आगाऊ मागायचे आहेत किंवा त्यांनीच मटेरियल द्यावं. आकडा आधी सांगू की आधी दर ठरवून मग हे काढू? चहा येण्याआधी बोलावं हे मात्र ठरवलंय.