शब्दचर्चा: ‘सिव्हिल सेलिब्रंट’ला आणि त्याच्या शिक्षणाला मराठीत काय म्हणावे?

मूळ प्रश्न

मी मेलबर्नमध्ये राहते आणि सध्या ‘सर्टिफिकेट फोर इन सेलिब्रन्सी’ हा अभ्यासक्रम करत आहे. ऑस्ट्रेलियात धर्मगुरू आणि सरकारी नोंदणी कार्यालय यांच्याखेरीज लग्न लावण्याचा जो तिसरा मार्ग आहे, म्हणजे ‘सिव्हिल सेलिब्रंट’कडून लग्न लावून घेण्याचा, त्याचा अधिकार मिळवू पाहणाऱ्यांना २०१० पासून साधारणतः हाच अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. येथील मराठी कुटुंबांसाठी, विशेषतः मुलांच्या लग्नाला भारतातून येणाऱ्या आईवडिलांसाठी, एक माहितीपत्रक लिहायला घेतले आणि पहिल्याच ओळीत अडले. सांगलीला वडिलांना फोनवर सविस्तर समजावून सांगितले, तेव्हा सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, “म्हणजे तू भटजी होणार, असंच ना?” तसे नाही हे मला ठाऊक आहे, पण मग कोण होणार, हे एका शब्दात सांगता आले नाही. तो शब्द सुचवावा. माझ्या शिक्षणसंस्थेच्या पत्रकात ‘क्वालिटी एज्युकेशन अँड ट्रेनिंग’ असे शब्द आहेत, त्यांचेही मराठी हवे आहे.

प्रतिसाद

‘विवाह अधिकारी’ हा तयार शब्द आपल्याकडे आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार ३० दिवसांची नोटीस घेऊन, तीन साक्षीदारांसमोर, ज्याच्या उपस्थितीत वधूवर एकमेकांचा स्वीकार करतात तो विवाह अधिकारी. नवा शब्द घडवण्याची गरज दिसत नाही.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

सुचवणीबद्दल आभारी आहे. साम्य खरेच मोठे आहे: येथेही किमान एक महिना आधी नोटीस लागते, फक्त साक्षीदार दोन पुरतात. परंतु ‘अधिकारी’ म्हटले की कार्यालय, टेबल आणि शिक्का डोळ्यांसमोर येतो. सेलिब्रंट सरकारी नोकर नसतो. तो स्वतःचे शुल्क ठरवतो, बागेत किंवा समुद्रकिनारी येऊन लग्न लावतो आणि सोहळ्याची संहिता त्या दोघांना विचारून नव्याने लिहितो. १९७३ मध्ये तत्कालीन अॅटर्नी जनरल लायनेल मर्फी यांनी ही पद्धत सुरू केली, ती नेमकी कार्यालयातल्या कोरडेपणाला कंटाळलेल्या लोकांसाठी. आज येथील दहांपैकी सुमारे आठ लग्ने असे सेलिब्रंट लावतात.

प्रतिसाद

‘सिव्हिल’ हा शब्द तसाच ठेवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आमच्या जिल्ह्यात ‘सिव्हिलला नेले’ याचा अर्थ सरकारी दवाखान्यात नेले एवढाच होतो. ‘नागरी’लाही खोड आहे, कारण नागरी म्हणजे शहरी, ग्रामीणच्या विरुद्ध, हाच अर्थ आधी मनात येतो. ‘विधिकार’ सुचत होते. पण ‘विधी’ म्हणजे कर्मकांड की कायदा? ‘अंत्यविधी’ आणि ‘विधिमंडळ’ या दोन शब्दांत एकच विधी बसलेला आहे.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

सिव्हिलच्या भीतीत मी थोडी भर घालते: अधिकार मिळालेल्या सेलिब्रंटना वेळोवेळी जे उजळणीचे शिक्षण घ्यावे लागते, त्याचे इंग्रजी आद्याक्षरी नाव ‘ओपीडी’ असे आहे! माहितीपत्रकात मी ते ‘उजळणी वर्ग’ असेच लिहिणार.

‘विधी’चा दुहेरी अर्थ मला मात्र दोष वाटत नाही, कारण या कामातही दोन्ही विधी एकत्र नांदतात. संहिता कितीही मोकळी असली, तरी विवाह कायद्याने काही वाक्ये बांधून दिली आहेत, आणि त्यातले एक सेलिब्रंटने वधूवरांना उद्देशून उच्चारावेच लागते. त्याचा आशय असा, की मला लग्ने लावण्याचा कायदेशीर अधिकार आहे, आणि तुम्ही ज्या नात्यात प्रवेश करत आहात ते गंभीर व बंधनकारक आहे, याची मी तुम्हाला आठवण करून देते. सरावाच्या तासाला ते वाक्य कानाला गोड लागावे म्हणून मी ‘बंधनकारक’च्या जागी ‘सुंदर’ असा शब्द घातला. शिक्षिकेने हात वर करून मला तिथेच थांबवले आणि ते वाक्य माझ्याकडून सहा वेळा म्हणवून घेतले.

प्रतिसाद

याला आपल्याकडे ‘संथा’ म्हणतात. गुरूने म्हणायचे आणि शिष्याने अक्षर न बदलता पुन्हा म्हणायचे. तेव्हा ‘एज्युकेशन’ आणि ‘ट्रेनिंग’ हा भेद आपल्या प्रश्नात सोडवता येईल: जे बांधलेले आहे त्याची संथा, आणि जे मोकळे आहे, म्हणजे माणसांचे ऐकून घेणे, त्यावरून संहिता रचणे, ध्वनिवर्धकापुढे उभे राहणे, त्याचे प्रशिक्षण. त्या बांधलेल्या वाक्याला इंग्रजीत काही नाव आहे काय?

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

‘मॉनिटम’. मूळ लॅटिन, अर्थ इशारा किंवा बजावणी.

प्रतिसाद

मग त्यासाठी मराठीत शब्द शोधायला नको, तो प्रत्येक लग्नात मंगलाष्टकांच्या शेवटी ऐकू येतो: ‘सावधान’. रामदास स्वामी हा शब्द ऐकून बोहल्यावरून निघून गेले अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. म्हणजे निदान एका वराने तो इशारा मनावर घेतला होता. ‘सावधानवचन’ असा शब्द मी सुचवतो.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

हा शब्द मी निःसंकोच उचलते, कारण त्याने ‘क्वालिटी’चाही प्रश्न सुटण्याच्या वाटेला लागतो. ‘गुणवत्तापूर्ण’ म्हटले की मला दहावीची गुणवत्ता यादी आठवते, म्हणून मी ‘दर्जेदार’ लिहिणार होते. पण दर्जा कशाचा? ऑस्ट्रेलियात २०१३ पासून बळजबरीचे लग्न हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि २०२४ पासून सेलिब्रंटला लग्नापूर्वी वधू आणि वर यांना वेगवेगळे, प्रत्यक्ष भेटावे लागते, जेणेकरून संमती मनापासून आहे की घरच्यांच्या दडपणाखाली, हे जोखता यावे. मुलगी प्रत्येक प्रश्नानंतर दाराकडे पाहत असेल तर ते लक्षात येणे, हा या शिक्षणाचा खरा दर्जा आहे. सुरेल आवाज आणि कवितेची निवड त्यानंतर येते. म्हणून ‘दर्जेदार’ऐवजी ‘जबाबदारीचे शिक्षण’ असे लिहावे, असे आता वाटते.

प्रतिसाद

मुख्य शब्द राहिलाच. ‘सोहळाकार’ कसा वाटतो? सेलिब्रंट अंत्यसंस्कारालाही बोलतात, तेव्हा ‘सोहळा’ खटकेल, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु आळंदीला ज्ञानदेवांचा संजीवन समाधी सोहळाच होतो.

प्रतिसाद

संतांच्या समाधीला सोहळा म्हणतो, शेजाऱ्याच्या अंत्ययात्रेला म्हणत नाही. घरात मृत्यू झालेला असताना ‘सोहळाकार आले’ असे कोणी म्हणाले, तर मी त्याच्याकडे रागानेच पाहीन. माझ्या मते येथे नाम शोधण्याचा हट्टच सोडावा, कारण मराठीने हे काम क्रियापदावर सोपवले आहे. वधूवर लग्न करतात, आईवडील लग्न लावून देतात, आणि जो मध्ये उभा राहून ते घडवतो तो लग्न लावतो. १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाने ब्राह्मण पुरोहितावाचून लग्ने लावायला सुरुवात केली, तेव्हाही ‘लग्न लावणे’ हे क्रियापद बदलावे लागले नाही.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

पटले. हुद्दा म्हणून ‘सेलिब्रंट’ देवनागरीत ठेवते आणि पहिले वाक्य असे करते: “मी सेलिब्रंट आहे, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या कायद्याने दिलेल्या अधिकाराने लग्न लावते, धार्मिक विधी तुमचे गुरुजी करतील.” वडिलांना हे वाचून दाखवले. त्यांनी मान्य केले आणि विचारले, “मग अक्षता कुणाच्या इशाऱ्यावर टाकायच्या? तुझ्या की गुरुजींच्या?” हा प्रश्न माहितीपत्रकात घालावा लागेल असे दिसते.