प्रतिसाद: पंचनाम्याची यादी पुरेशी नाही

पंचनाम्याच्या यादीवरूनच पूरग्रस्तांची आरोग्य शिबिरे आखावीत, ही इथे मांडलेली सूचना सोयीची आहे; परंतु ती यादी नुकसानीची असते, आजारांची नव्हे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याचे पाणी टांगेवाला कॉलनीत शिरले तसे अरण्येश्वर परिसरातल्या सोसायट्यांतही शिरले. सावरण्याची ऐपत मात्र सारखी नव्हती. ज्यांच्या नावावर घर नाही असे भाडेकरू आणि बांधकाम मजूर अशा यादीतून सहज निसटतात.

वेळेचा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. लेप्टोस्पायरोसिसची (उंदरांसारख्या प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची) लक्षणे अशा पाण्याशी संपर्क आल्यानंतर साधारणतः ५ ते १४ दिवसांनी दिसतात, त्यामुळे पाणी ओसरताच दोन दिवस शिबिर भरवून मांडव काढला, तर खरा रुग्ण तिथे पोहोचतच नाही. शिवाय ज्या आजींचा केसपेपर आणि रक्तदाबाच्या गोळ्या चिखलात गेल्या, त्यांना ओळखपत्राची अट न घालता त्याच दिवशी औषध मिळायला हवे. क्षयरोगाच्या रुग्णांचे डोस तर एक दिवसही चुकता कामा नयेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात आशा ताईंनी घरोघरी तापाची विचारपूस करावी, आणि तपासणी संध्याकाळी सातनंतरही सुरू ठेवावी, कारण धुणीभांडी करणाऱ्या बायका त्याआधी घरी परततच नाहीत.