मदत हवी आहे: सीटचा बोल्स्टर (कडेचा फुगीर भाग) सोलवटलाय, चामडं घ्यावं की पीव्हीसी (रेक्झिनसारखं कृत्रिम चामडं)?

गाडी 2016 ची जर्मन सेडान, परभणीत, दिवसभर उन्हात उभी. ड्रायव्हर सीटचा दाराकडचा बोल्स्टर सोलवटलाय, बैठकीचाही आणि पाठीचाही. पीयूचा (पॉलियुरेथेनच्या कृत्रिम चामड्याचा) पापुद्रा नखाएवढ्या तुकड्यांनी निघतो आणि खाली पांढरं विणलेलं कापड दिसतं. म्हणजे तिथे अस्सल चामडं नाहीच. मधला छिद्रांचा भाग मात्र चामड्याचा आहे आणि ठणठणीत आहे.

लेदर कंडिशनर लावून पाहिलं. पीयू ते शोषत नाही, नुसता चिकटपणा राहिला. मग लवचिक फिलर भरून वरून रंग मारला. एप्रिलच्या उन्हात तोही दुमडीवर तडकला.

सीट कव्हर कृपया सुचवू नका. साइड एअरबॅग पाठीच्या बोल्स्टरमधूनच उघडते, शिवाय सीटचं व्हेंटिलेशन अडतं. पूर्ण सीटही बदलायची नाही. फोम शाबूत आहे, फक्त दोन तुकडे उसवून नवे शिवायचेत.

पीव्हीसी घासायला टिकाऊ, पण वर्षानुवर्षांच्या उन्हात त्यातला मऊपणा देणारा घटक उडून ते कडक होतं. पीयूचं काय होतं ते समोरच दिसतंय. चामड्याला निगा लागते, पण घासून रंग उडाला तरी पुन्हा चढवता येतो, म्हणून माझा कल तिकडे.

तर 42-43 अंशांच्या उन्हात ज्यांचा बोल्स्टर तीन-चार वर्षं टिकलाय, त्यांनी कोणतं मटेरियल, किती जाडीचं वापरलं? आणि एअरबॅग उघडताना फाटावी लागते ती शिवण ठरलेल्याच कमकुवत दोऱ्याने, ठरलेल्याच टाक्याने शिवून देणारा कारागीर संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरला कुठे आहे?