पेठेतला बोळ बाणेरला का सापडत नाही?

वाटसरू: पुण्याच्या पेठांमध्ये एक रस्ता अडला तरी शेजारच्या बोळातून वाट निघते, बाणेर-बालेवाडीकडे मात्र समोर दिसणाऱ्या इमारतीत जायला मोठा वळसा पडतो. शहर पसरले की रस्त्यांची जोडणी विरळ व्हायचीच का?

नकाशावेडा: अटळ मुळीच नाही. १८५९ साली स्पॅनिश अभियंता इल्देफॉन्स सेर्दा यांनी बार्सिलोनाच्या विस्ताराचा आराखडा केला, तेव्हा सुमारे ११३ मीटरचे चौरस आणि २० मीटर रुंदीचे रस्ते आधी ठरले, घरे मागून आली. आपल्याकडे क्रम उलटा झाला: शेतजमिनीचे लांबट तुकडे एकेक करून विकले गेले, प्रत्येक विकासकाने मुख्य रस्त्यापासून स्वतःच्या फाटकापर्यंतच रस्ता नेला आणि तो कुंपणभिंतीशी संपवला. दोन भिंतींमधली वाट जोडणे कुणाचेच काम नव्हते.

जुना पेठकर: शिवाय हद्दवाढ नेहमी उशिरा होते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली, पण बांधकामे त्याआधीच उभी होती. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यातील नगररचना योजनेत सर्व जमिनी एकत्र धरून रस्ते आखतात व उर्वरित भूखंड मालकांना परत देतात. मात्र ती रिकाम्या जमिनीवरच सोपी.

वाटसरू: आमच्या सोसायटीचे मागचे फाटक पादचाऱ्यांसाठी उघडावे, हा माझा ठराव सभेने सुरक्षेच्या नावाखाली फेटाळला. बसथांबा त्या फाटकाच्या पलीकडेच आहे.